गुरांनी वाल खाल्ला की नुसता पेंढा? शेण सांगतं, पण वाचता आलं पाहिजे

केळशी (ता. दापोली) : भातकापणी आटोपली की खाचरातल्या अंगओलीवर वाल, पावटा, कुळीथ टाकायचा ही कोकणातली जुनी रीत. केळशीसारख्या गावात समुद्राकडे नारळी-पोफळीच्या बागा, त्यामागे भातखाचरं आणि वर कातळाचा सडा. खाचरात वाल हिरवागार होतो, त्याच दिवसांत सड्यावरचं गवत वाळून पिवळं पडतं. भात घरात आलेलं असल्यामुळे राखणही सैल होते आणि गुरं मोकळी सुटतात. मग एखाद्या सकाळी वालाचा तुकडा खुडलेला दिसतो. बांधाजवळ शेणाचा एक पो, पलीकडे थोड्या लेंड्या. शेजारच्यांची गाय, वाडीतल्या शेळ्या, की रात्री रानातून उतरलेलं भेकर? यावर दोन दिवस वाडीत बोलणं चालतं आणि कधी कधी बोलणं बंदही होतं.

प्रश्न पैशाचाही आहे. रानटी जनावरानं पीक खाल्लं तर पंचनामा होऊन वन विभागाकडून भरपाई मागता येते. पाळीव गुरानं खाल्लं तर ती वाट नाही. तिथे समजुतीनं मिटवायचं, नाहीतर गुरू कोंडवाड्यात घालायचं. हे कोंडवाडे इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्यापासून चालत आलेत.

त्या शेणात याचं उत्तर असतं का? असतं, पण लोकांना वाटतं तसं नाही. रवंथ करणाऱ्या जनावरानं खाल्लेला चारा लगेच बाहेर पडत नाही. गाईच्या पोटात तो साधारण दोन ते चार दिवस राहतो. त्यामुळे रात्री वालात पडलेल्या शेणात त्या रात्रीचा वाल बहुतेक नसतोच, असतो तो परवाचा चारा. वालाचे अवशेष शोधायचे तर दोन-तीन दिवसांनी संशयित जनावराच्या गोठ्यातलं शेण पाहावं लागेल.

ते पाहण्याची एक जुनी, कमी खर्चाची आणि बऱ्यापैकी भरवशाची पद्धत आहे. साधा सूक्ष्मदर्शक घ्यायचा आणि शेणात न पचता राहिलेले पानांचे बारीक तुकडे त्यांच्या पेशींवरून ओळखायचे. पशुवैद्यकीय दवाखान्यात जंतांची अंडी पाहायला शेण काचेखाली ठेवतात, तो प्रकार गावात अनेकांनी पाहिलेला असतो. यंत्र तेच, फक्त इथे नजर चाऱ्यावर. आणि भांडणापेक्षा तिचा मोठा उपयोग दुसरीकडे आहे. शेंगवर्गीय चारा, म्हणजे ज्याला शेतकरी ‘द्विदल चारा’ म्हणतात तो, गुरांच्या पोटात खरोखर किती जातो, हे तिच्यातून कळतं.

सात टक्क्यांचं गणित

भाताच्या पेंढ्यात प्रथिनं साधारण ३ ते ४ टक्के. उशिरा कापून वाळवलेल्या सड्याच्या गवताची गतही फारशी वेगळी नाही. गाई-म्हशीच्या कोठीपोटात जे सूक्ष्मजीव चारा आंबवून पचवतात, त्यांना चाऱ्यात निदान ७ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात. त्याखाली गेलं की सूक्ष्मजीवांचं काम मंदावतं, चारा पोटात रेंगाळतो आणि जनावर आणखी खातच नाही. दारात पेंढ्याची उडवी उभी असूनही चैत्र-वैशाखात गाईच्या फासळ्या मोजता येतात, त्याचं एक मोठं कारण हे. पोट भरलेलं असतं, पण आतले सूक्ष्मजीव उपाशी असतात.

शेंगवर्गीय पाला ही तूट भरून काढतो. या वर्गातल्या झाडांच्या मुळांवर गाठी असतात, त्यातले जिवाणू हवेतलं नत्र धरून देतात, त्यामुळे पानात प्रथिनं जास्त. (टाकळा शेंगवर्गीय असून त्याच्या मुळांवर गाठी नसतात, तो अपवाद.) गिरिपुष्प, म्हणजे आपली उंदीरमारी, किंवा सुबाभूळ यांच्या पाल्यात २० टक्के आणि त्याहून जास्त प्रथिनं भरतात. स्टायलोसारख्या चाऱ्यात साधारण १२ ते १८ टक्के. हिशेब सोपा आहे. पाच किलो पेंढ्याबरोबर सुकं वजन सव्वा किलो भरेल इतका पाला, म्हणजे अंदाजे पाच किलो ओला पाला घातला, तर सगळा मिळून चारा सात टक्क्यांवर जातो. सुबाभळीत मिमोसीन हा अपायकारक घटक असतो, तेव्हा तिचा पाला एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापुढे नेऊ नये.

पण दावणीला काय घातलं ते आपल्याला माहीत असतं. सड्यावर गुरू काय खातं ते कोण सांगणार? गुराखी सांगतो, ‘चरतायत की.’ डोकी खाली आहेत एवढं त्याला दिसतं. सड्याच्या गवतात रानमेथी, बरकी, कवला असल्या बारीक शेंगवर्गीय वनस्पती मिसळून उगवतात. पावसाळी भाजी म्हणून घरोघरी होणारा कवलाही याच कुळातला. गाईची जीभ एका वेढ्यात गवत आणि रानमेथी दोन्ही ओढते. दहा हातांवरून पाहणाऱ्याला त्यातलं किती काय ते कळणं शक्य नाही.

पान पचतं, पानाची कातडी राहते

पिंपळाचं पान पाण्यात कुजवून जाळी करण्याचा खेळ सगळ्यांनी लहानपणी केलेला असतो. तिथे मधला गर कुजतो आणि शिरांची जाळी उरते. जनावराच्या पोटात गर तर जातोच, पण पानाच्या वरच्या-खालच्या पातळ कातडीचे तुकडे टिकतात. या कातडीवर क्युटिन नावाच्या मेणचट पदार्थाचा लेप असतो आणि कोठीपोटातल्या सूक्ष्मजीवांना तो सहसा पचत नाही. खालच्या पेशी विरघळल्या तरी त्यांच्या भिंतींचा ठसा या लेपावर तसाच राहतो. ओल्या सिमेंटवर पडलेलं कुत्र्याचं पाऊल जसं पक्कं होतं तसा.

आता गवत आणि शेंगवर्गीय यातला फरक. एकदा पाहिला की विसरत नाही.

गवताच्या कातडीत पेशी लांबट आणि सरळ ओळीत, चिऱ्यांच्या भिंतीसारख्या. कडा पुष्कळदा करवतीसारख्या दातेरी. लांब पेशींच्या मध्ये आखूड पेशी, आणि त्यात सिलिकाचे, म्हणजे गारगोटीच्याच जातीच्या पदार्थाचे, बारीक खडे. गवताचं पान बोटाला कापतं त्याला हाही खडा कारण. पानाला श्वास घ्यायला जी छिद्रं असतात, ती पर्णरंध्रं, त्यांच्या दोन बाजूंच्या पेशी व्यायामशाळेतल्या डंबेलसारख्या, मध्ये बारीक आणि टोकांना फुगीर. भाताचा पेंढा यातही वेगळा ओळखू येतो. भाताच्या पानाच्या कातडीवर बारीक फोडांसारखे उंचवटे दाटीनं असतात आणि त्याच्या सिलिका-खड्यांची ठेवणही निराळी असते.

शेंगवर्गीय पानात ओळी नाहीत. पेशी वेड्यावाकड्या, एकमेकींत अडकलेल्या, चित्रकोड्याच्या तुकड्यांसारख्या. पर्णरंध्राच्या दोन पेशी राजम्याच्या दाण्यासारख्या समोरासमोर. त्यांना लागून पुष्कळदा आणखी दोन पेशी छिद्राला समांतर असतात. ही खूण शेंगवर्गीयांत वारंवार दिसते, पण तेवढ्यावर थांबलं तर फसायला होतं. कॉफीच्या कुळातल्या झाडांतही तशीच रचना असते. म्हणून मग केस पाहायचे.

पानावरची लव हातांना एकसारखी लागते, काचेखाली ती कुळ सांगते. वाल-कुळीथ-रानमेथीच्या मोठ्या गटात केसाची एक ठरलेली घडण वारंवार भेटते. बुडाला एक-दोन आखूड पेशी आणि त्यावर एकच लांब, टोकदार पेशी. निळीच्या जातीच्या रोपांचा केस त्याहून वेगळा. तो मधोमध देठावर बसवलेला आणि दोन्ही बाजूंना पसरलेला, तराजूच्या दांडीसारखा. एकदा तो दिसला की निळीच्या जातींची शंका घ्यायला हरकत नाही. सालवणीच्या शेंगा रानातून येताना कपड्यांना चिकटून येतात, कारण त्यांच्यावर आकड्यासारखे वळलेले केस असतात. हे आकडे शेणातही सापडतात. केस तुटून गेला तरी त्याच्या बुडाचा गोल ठसा कातडीवर राहतो.

तिसरी खूण शिरांच्या कडेला. पुष्कळ शेंगवर्गीय पानांत शिरेलगतच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे चौकोनी खडे एकामागे एक असतात, माळेत ओवल्यासारखे. गंमत अशी की नमुना नायट्रिक आम्लात उकळला तर हे खडे विरघळून जातात आणि फक्त रिकाम्या खोल्यांची रांग उरते. कपडे धुण्याच्या ब्लीचनं साफ केला तर ते टिकण्याची शक्यता जास्त. म्हणजे कोणतं रसायन वापरलं यावरही काय दिसणार ते ठरतं.

आणि बिया. वाल, कुळीथ, स्टायलो यांच्या बीच्या सालीत उभ्या काठ्यांच्या कुंपणासारख्या दाट पेशींचा थर असतो, त्याखाली डमरूसारख्या पेशींचा. ही साल पानापेक्षा कितीतरी चिवट. स्टायलोचं कठीण बी तर गाईच्या पोटातून अख्खं बाहेर पडतं आणि शेणाबरोबर पसरतं. जिथे पेरलेलं नाही तिथेही स्टायलो उगवलेला दिसतो, त्याचं हे एक कारण.

याच पेशींशी पुरातत्त्वाचाही संबंध येतो. शिरूर तालुक्यात इनामगावला डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं, तिथे ताम्रपाषाण काळातली जळकी धान्यं निघाली, त्यात कुळीथ आणि वालही होते. जगभरच्या अशा जळक्या बियांबद्दल संशोधकांत एक प्रश्न असतो, की त्या माणसाच्या ताटातल्या की चुलीत जाळलेल्या शेणीतल्या? घरात शेण्या थापणाऱ्यांना हा प्रश्न फार शास्त्रीय वाटणार नाही.

करतात कसं

ही पद्धत नवी नाही. अमेरिकेत १९३९ मध्ये खारींचं खाणं ओळखायला पेशींचा असा आधार घेतला गेला, तेव्हा शेण नव्हे तर पोटातले अवशेष पाहिले होते. पुढे ससे, मेंढ्या, कांगारूंच्या देशातली जनावरं असं करत ती विष्ठेवर आली. १९६८ मध्ये स्पार्क्स आणि मॅलेचेक यांनी मोजणीची जी रीत मांडली ती आजही पायाभूत मानतात. आपल्या जवळचं उदाहरण गोव्याचं. तिथल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी रानगव्याच्या शेणावरून त्याच्या आहाराची रचना अभ्यासली, तो लेख २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. गव्याजवळ जाऊन तो काय खातो हे पाहणं कोणाच्याही तब्येतीला बरं नाही, शेण मात्र गोळा करता येतं.

काम असं. शेण बारीक चाळणीवर वाहत्या पाण्यात धुवायचं, म्हणजे चोथा राहतो आणि गाळ जातो. चोथा रसायनात थोडा वेळ ठेवून रंगद्रव्य काढायचं. मग काचेवर पातळ पसरून वर झाकणकाच. पाच काचा, प्रत्येक काचेवर वीस ठिकाणी पाहायचं, असे शंभर देखावे शंभरपट मोठे करून. दर देखाव्यात कोणती वनस्पती दिसली याची खूण करायची आणि शेवटी त्यावरून टक्केवारी काढायची.

खरी मेहनत त्याआधी असते. गुरं चरतात त्या जागेतल्या प्रत्येक वनस्पतीचं पान, देठ, शेंग आधी गोळा करून, त्याच रसायनातून काढून, त्यांची कातडी काचेवर उतरवून ठेवावी लागते. हा संच नसेल तर शेणातला तुकडा म्हणजे नाव नसलेला फोटो. केळशीच्या सड्यासाठी राजस्थानातला संच चालणार नाही. सोपा धडा शाळेतही घेता येतो. पानावर नखांना लावायचं रंगहीन पॉलिश लावायचं, सुकलं की पारदर्शक चिकटपट्टीनं उचलायचं आणि काचेवर चिकटवायचं. कातडीचा ठसा त्यावर उतरतो. वालाचं पान आणि भाताचं पान शेजारी ठेवून मुलांना दाखवलं तर वरचं सगळं वर्णन वाचायची गरज उरणार नाही.

चांगला चारा खूण ठेवत नाही

इथे या पद्धतीतली सगळ्यात मोठी अडचण येते, आणि ती नेमकी शेंगवर्गीयांच्याच वाट्याला येते.

गवताचं पान चिवट, सिलिकानं भरलेलं. त्याचे तुकडे मोठे राहतात आणि सहज दिसतात. रानमेथीचं, कवल्याचं पान मऊ, पातळ. ते इतकं छान पचतं की शेणात त्याचे तुकडे थोडे आणि बारीक उरतात. म्हणजे गाईनं शेंगवर्गीय चारा भरपूर खाल्ला तरी शेण सांगतं की थोडाच खाल्ला. चारा जितका उत्तम, तितका त्याचा पुरावा कमी. हे लक्षात न घेता नुसती टक्केवारी वाचली तर ‘आपली गुरं द्विदल खातच नाहीत, लावून काय उपयोग’ असा उलटा निष्कर्ष निघतो. बियांचं अगदी विरुद्ध. वाळक्या शेंगा खाल्ल्या असतील तर बीच्या चिवट सालीमुळे आकडा फुगतो.

यावरचा उपाय खटपटीचा असला तरी साधा आहे. एका गाईला आठवडाभर दावणीला बांधून मोजून चारा घालायचा, समजा ७० भाग गवत आणि ३० भाग शेंगवर्गीय पाला. मग तिचं शेण पाहायचं. काचेखाली शेंगवर्गीय १५ भागच दिसला, तर निम्मा माग पुसला गेला एवढं कळलं. पुढच्या मोजणीत त्या प्रमाणात दुरुस्ती करायची. हे प्रत्येक महत्त्वाच्या वनस्पतीसाठी वेगळं करावं लागतं, कारण सुबाभूळ आणि स्टायलो सारख्याच वेगानं पचत नाहीत.

ऋतूचंही तसंच. उत्तर ऑस्ट्रेलियात स्टायलोच्या कुरणांवर वारंवार दिसलेली गोष्ट अशी की पावसाच्या सुरुवातीला गुरं कोवळं गवत शोधतात, स्टायलोकडे फारसं बघत नाहीत. गवत निबर झालं की मग स्टायलोवर वळतात. आपल्याकडे कोणी आषाढात बघून ‘हा पाला गुरं खात नाहीत’ म्हणून काजूच्या बागेतला स्टायलो काढून टाकला, तर ज्या महिन्यांसाठी तो लावला ते महिने यायचेच असतात. एका वेळच्या शेणावर निर्णय घेऊ नये. निदान भाद्रपद, मार्गशीर्ष आणि फाल्गुन असे तीन नमुने हवेत.

शेण उलट्या बाजूनंही बोलतं. टाकळा माणसं भाजीला खुडतात, पण गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. शेणात टाकळ्याचे तुकडे वाढले, किंवा घाणेरीचे दिसायला लागले, तर सड्यावर खाण्यासारखं काही उरलेलं नाही असा त्याचा अर्थ. घाणेरीनं यकृत बिघडतं, कातडी उन्हात सोलवटते. जनावर आजारी पडण्याआधी हा इशारा मिळू शकतो.

अलीकडे शेणातल्या डीएनएवरून वनस्पती ओळखतात. केनियातल्या रानजनावरांवर २०१५ मध्ये असा गाजलेला अभ्यास झाला. जिथे सूक्ष्मदर्शक कुळापर्यंत किंवा जातींच्या गटापर्यंत पोचून थांबतो, तिथे डीएनए पुष्कळदा थेट जातीपर्यंत जातो. पण त्याला प्रयोगशाळा आणि पैसा लागतो. कार्बनच्या दोन प्रकारांचं प्रमाण मोजून गवत किती आणि झाडपाला किती हे सांगायची आणखी एक रीत आहे. ती कोकणात मात्र गोत्यात येते. सड्यावरची बहुतेक गवतं एका पद्धतीनं कार्बन धरतात, शेंगवर्गीय दुसऱ्या. आणि भात गवत असूनही या बाबतीत शेंगवर्गीयांच्याच रांगेत बसतो. म्हणजे दिवसभर नुसता पेंढा खाल्लेली गाय त्या यंत्राच्या लेखी झाडपाला खाल्लेली ठरेल. सूक्ष्मदर्शकाखाली पेंढा पेंढाच दिसतो.

आता त्या वालाच्या तुकड्याकडे. भेकराच्या लेंडीत आणि शेळीच्या लेंडीत वालाची कातडी सारखीच दिसणार, कारण ती वालाची आहे, जनावराची नाही. लेंडी कोणाची हे आकारावरून आणि खुरांच्या ठशांवरूनच ठरवायला हवं. वाल, पावटा, कुळीथ, चवळी हे इतके जवळचे नातेवाईक आहेत की पानाच्या छोट्या तुकड्यावरून त्यांना वेगळं करणं जाणकारालाही कठीण जातं. आणि ज्याच्या गाईवर संशय आहे त्यानं घरच्या कुळथाचं भूस तिला घातलं असेल, तर तिच्या शेणात तशा खुणा सापडणारच. भुसात शेंगांच्या टरफलांचे तंतू जास्त आणि हिरव्या पानाची कातडी कमी, एवढा फरक पाहता येतो. तेवढ्यावर कोणाला चोर ठरवणं बरोबर नाही. उलट मात्र पद्धत उपयोगी पडते. दोन-तीन दिवसांनंतरच्या, ओळीनं घेतलेल्या कितीतरी नमुन्यांत शेंगवर्गीयाचा मागमूसही नसेल, तर त्या गाईवरचा संशय बराच हलका होतो.

नमुना घ्यायचा तर सकाळचं ताजं शेण घ्यावं, मातीला न टेकलेल्या वरच्या भागातलं, निदान दहा वेगवेगळ्या पोंमधून चमचा-चमचाभर. सावलीत सुकवावं किंवा मीठ घालून बरणीत ठेवावं. चिठ्ठीवर तारीख, जनावर, ते कुठे चरलं हे लिहावं. बरोबर त्या जागेतल्या पाल्याच्या फांद्या जुन्या वर्तमानपत्रात दाबून, गावातल्या नावासकट. आणि आदल्या चार दिवसांत गोठ्यात काय घातलं तेही, कारण भूस की वाल हे त्या ओळीवरच कळतं.